हातातल्या बॅगेतला गोळा

विमानप्रवासातलं घरात सगळ्यात जास्त मला कळतं, असा माझा समज होता. त्याला कारणही होतं. आमच्या घरात विमानात बसलेली मी एकटीच. शाळेच्या ऑफिसातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून एकदा कोचीनची सहल काढली होती. जाताना एक विमान, येताना एक. त्या दोन विमानांच्या जोरावर मी सहा वर्षं सगळ्यांना शहाणपण शिकवत होते. त्यामुळे माझ्या भाचीचा गोळा कुठल्या बॅगेत ठेवायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मीही जराही विचार न करता सांगून टाकलं, "हातातल्या बॅगेत सात किलो चालतं. गोळा तीन किलोचा. विषय संपला."

भाची म्हणजे रुतिका, माझ्या भावाची, रोहिदासची मुलगी. सतरा वर्षांची, बारावीला, गोळाफेकीत राज्यात तिसरी. लखनौला अठरा वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा होती. बाकीचा संघ विश्वजित सरांबरोबर तीन दिवस आधीच रेल्वेने गेला. रुतिकाची बारावीची प्रॅक्टिकल स्पर्धेच्या अगदी तोंडावर संपत होती, त्यामुळे तिला विमानानेच जाणं भाग होतं. पोरीला एकटीला पाठवायला आमची आई, चंद्राबाई, काही केल्या तयार होईना. म्हणून जुईनगरहून मला बोलावणं आलं आणि मी रजा टाकली. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

आता गोळ्याचं सांगते, कारण सगळी भानगड त्याचीच. तो दुकानातून आणलेला गोळा नव्हता. रोहिदास द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तिथल्या ओळखीने त्याने दोन वर्षांपूर्वी दिघ्याच्या सिताराम मिस्त्रींकडून तो लेथवर काढून घेतला. गोळा जरा हलका भरला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला एक भोक पाडलं आणि म्हणाले, यात शिसं ओतू, वजन पुरं होईल. शिसं आईने दिलं. माझे वडील खाडीत मासे मारायचे. जाळं बुडावं म्हणून त्याच्या खालच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असायचे. वडील गेले, खाडीत भराव पडला, जाळं उंदरांनी कुरतडलं. पण ते मणी आईने डालड्याच्या जुन्या डब्यात जपून ठेवले होते. त्यातले मूठभर वितळवून गोळ्यात ओतले, वर बूच ठोकलं, आणि काट्यावर वजन आलं तीन किलो पाच ग्रॅम. स्पर्धेत गोळा तीन किलोपेक्षा एक ग्रॅमही कमी चालत नाही, त्यामुळे हे पाच ग्रॅम बघून सगळे खूश.

तेव्हापासून त्या गोळ्याची आमच्या माहेरी जी बडदास्त असते, ती माझ्या नवऱ्याचीही कधी झाली नाही. रुतिका रोज संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर मुरमात तो टाकायची. खाऱ्या हवेने त्याच्यावर गंज धरायचा, आणि गंज बघितला की आईला चैन पडायचं नाही. दर शनिवारी ती चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मोरीपाशी बसायची आणि लग्नातला हंडा घासावा तसा तो गोळा घासून घासून लखलखीत करायची. "नातीचं हत्यार हाय," ती म्हणायची. "मळकं कसं ठेवाचं?"

राज्य स्पर्धेत स्वतःचा गोळा आणायची परवानगी नव्हती. तिथल्या गोळ्याने रुतिकाचे पहिले दोन थ्रो फाउल गेले, आणि पुढचे कसेबसे पडले. तरी ती तिसरी आली. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात जे बसलं ते निघेना. माझा गोळा असेल तर मी टाकते, नसेल तर माझ्याच्याने होत नाही. लखनौला मात्र वजनात पास झाला तर स्वतःचा गोळा वापरता येणार होता. सरांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा पोरीचा चेहरा असा काही फुलला, की बारावीत पहिली आली असती तरी फुलला नसता.

गोळा सुटकेसमध्येच गेला असता. पण सुटकेसमध्ये जागा होती कुठे? दोघींची मिळून एकच मोठी सुटकेस, आणि तीत आईने सुके बोंबील, सोडे, जवळा आणि तांदळाचं पीठ भरलं होतं. तिकडचं जेवण पोरीला मानवणार नाही आणि उपाशी पोटी गोळा काय जाणार, हा तिचा मुद्दा. सगळ्या संघाला पुरेल एवढं सुकं होतं ते. कपडे आम्ही बोंबलांच्या फटीफटीत कोंबले. गोळा टॉवेलात गुंडाळून रुतिकाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये गेला, आणि तिलाही तेच हवं होतं. डोळ्यांसमोर राहील, म्हणाली.

विमान दुपारी एक चाळीसचं. आम्ही विमानतळावर जरा उशिराच पोचलो, कारण खाली उतरल्यावर आईने पोरीची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या बाहेर काढल्या. मागे गाड्यांची रांग लागली. सिक्युरिटीवाला शिट्ट्या मारून दमला. आई कुणाला दाद देते? विमानतळ आमच्या खाडीच्या भरावावरच उभा. "आमची जाली हितंच लागाची," तिने त्यालाच ऐकवलं. "जरा थांब की." रोहिदासने गाडी पुढे घेतली, वळसा मारून परत आणली, तोवर दृष्ट काढून झाली. रुतिकाच्या खांद्यावर हात ठेवून तो एवढंच म्हणाला, "बिनधास्त टाक."

काउंटरवर नंदिनी नावाची मुलगी होती. सुटकेस पट्ट्यावर ठेवली तसं तिचं नाक हललं. "मॅडम, सुकं नीट पॅक केलंय ना?"

"तीन पिशव्यांत," मी म्हटलं.

ती हसली. "माझी आजी चार पिशव्यांत बांधते."

सुटकेस आत गेली. हातातल्या बॅगेत काय काय आहे, असं तिने विचारलं, आणि मी तोऱ्यात सांगितलं, "काही नाही हो, खेळाचं सामान." तिथे मी 'गोळा' असा शब्द उच्चारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दोन विमानांचा अनुभव होता ना गाठीला.

सुरक्षा तपासणीच्या यंत्रात सॅक गेली आणि पट्टा थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा थांबला. पडद्यासमोरच्या जवानाने शेजारच्याला बोलावलं. दोघांनी वाकून बघितलं. मीही मान लांब केली. पडद्यावर बाकी सगळं दिसत होतं, बूट, फाइल, पाण्याची रिकामी बाटली, आणि मधोमध एक काळाकुट्ट वाटोळा डाग, ज्याच्या आरपार काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"ये किसका बैग है?"

रुतिकाने हात वर केला. सॅक उघडली, टॉवेल सुटला आणि गोळा बाहेर आला. शनिवारीच घासलेला. तिथल्या दिव्यांखाली असा चमकला की रांगेतली माणसं बघायला लागली. जवानाने तो दोन्ही हातांनी फिरवला आणि त्याचं बोट बुचावर येऊन थांबलं. आत काय भरलंय, असं त्याने विचारलं. रुतिका म्हणाली, शिसं. कशाला भरलंय? वजनाला. कुणी भरलंय? मिस्त्रीने. कुठल्या कंपनीचा आहे? कंपनीचा नाही. जसजशी ती खरं सांगत गेली तसतसा त्याचा चेहरा कडक होत गेला, आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. लोखंडाचा बंद गोळा, आत काहीतरी ओतलेलं, वर बूच. मी त्याच्या जागी असते तर मीही संशयच घेतला असता.

पण मी त्याच्या जागी नव्हते, मी माझ्या जागी होते, आणि माझं डोकं तापलं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं आणि माझा तोल गेला. "अरे भाईसाब, बच्ची का खेलने का गोला है," मी ओरडले. "कोई बम थोडी है!"

जवानाने गोळा हळूच टेबलावर ठेवला. शेजारची रांग थांबली. रुतिकाने माझ्याकडे असं बघितलं की तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं मला वाटलं. विमानतळावर हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हे मी स्वतःच सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

दोन मिनिटांत अधिकारीबाई आल्या. उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी, राजलक्ष्मी. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. गोळ्यावरून, बुचावरून, सॅकच्या आतून कापडाची पट्टी फिरवून ती एका यंत्रात घातली. यंत्र काय म्हणतंय याची वाट बघताना मी घड्याळ बघितलं. बारा बावीस. यंत्र काही बोललं नाही, म्हणजे ठीक होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी रुतिकाला विचारलं, "कैसे फेंकते हैं इसको? दिखाओ. फेंकना मत."

रुतिकाने गोळा उचलला. उजव्या तळहातावर घेतला, बोटं पसरली, आणि जबड्याखाली मानेला टेकवला. डावा हात समोर ताठ, उजवा गुडघा वाकलेला. मघापासून गोंधळलेली, खांदे पाडून उभी असलेली पोरगी एकदम दुसरीच दिसायला लागली. बाजूचा जवान दोन पावलं मागे सरकला. राजलक्ष्मीबाई मात्र पुढे आल्या आणि बोटाने तिचे केस बाजूला केले.

मानेवर जबड्याखाली डाग आहे रुतिकाच्या. रोज गोळा टेकून टेकून कातडी तिथे काळी आणि जाड झाली आहे. कॉलेजातल्या मुली चिडवतात म्हणून ती त्या बाजूला केस सोडते. बाईंनी तो डाग नीट बघितला.

"कितने साल?"

"चार," रुतिका म्हणाली.

बाईंनी केस होते तसे परत सोडले. त्यांचा आवाज बदलला होता, पण नियम बदलला नाही. हे केबिनमध्ये जाणार नाही, त्या म्हणाल्या. इतकं जड सामान कुणाच्या डोक्यात घालता येतं. एक तर बाहेर घरच्यांकडे द्या, नाहीतर चेक-इनला पाठवा. पण तुमच्या विमानाचं चेक-इन बारा चाळीसला बंद होतंय, आणि इथून उलटं बाहेर जायचं तर सगळ्या सह्या-शिक्के पुन्हा. वेळेत होईल याची खात्री मी देत नाही.

रुतिका माझ्याकडे वळली. रडत नव्हती. "आत्या, तूच बोललीस ना, चालतंय."

तेवढंच बोलली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी उलट ओरडले असते, मला ते येतं. मला येत नाही ते दुसरंच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, नवऱ्याला मी एकदाही सॉरी म्हटलेलं नाही. ऑफिसात माझ्या चुकीचं पत्र गेलं तर टायपिंगची चूक म्हणते. पण त्या टेबलावर तो गोळा ठेवलेला होता, आईने शेंडीने घासलेला, आत वडिलांच्या जाळ्यातलं शिसं, आणि माझ्या दीडशहाणपणामुळे तो बाहेर रोहिदासकडे परत जाणार होता. रोहिदासला काय सांगणार होते मी?

मी राजलक्ष्मीबाईंसमोर उभी राहिले. माझं हिंदी यथातथाच आहे, पण तेव्हा जसं आलं तसं बोलले. म्हटलं, गलती मेरी है मॅडम, बच्ची की नहीं. मैंने ही बोला इधर डालो. वो शब्द भी मैंने बोला, माफ करो. उसका कल मैच है. और इसके अंदर जो है ना, वो मेरे पिताजी के जाल का है. मच्छी के जाल का. एवढ्यावर माझं हिंदी संपलं.

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि एअरलाइनच्या माणसाला वर बोलावलं. "प्रवाशांना बाहेर नाही पाठवत," अशा अर्थाचं काहीतरी त्या त्यात बोलल्या. "सामान घेऊन जा. पळत या."

पळत आली ती काउंटरवरचीच नंदिनी. बारा तेहतीस झाले होते. तिला दम लागला होता. "नुसता गोळा नाही जाणार पट्ट्यावर," ती म्हणाली. "बंद बॅग लागेल. चेन असलेली."

सॅक रिकामी केली. बूट, फाइल, प्रमाणपत्रं, सगळं माझ्या ओढणीत बांधलं. बोचकं झालं मोठं. गोळा टॉवेलात, टॉवेल सॅकमध्ये, चेन बंद. रुतिकाने सॅक उचलली खरी, पण सोडेना. नंदिनीने हात पुढे केला तरी तिने पट्टा घट्ट धरून ठेवला होता. चार वर्षं खेळलेली पोर, पण त्या क्षणी मला ती पाच वर्षांची दिसत होती.

नंदिनीने घड्याळ बघितलं आणि तिचं काउंटरवरचं शुद्ध मराठी गळून पडलं. "दे ना गो बाय," ती म्हणाली. "मी काय खाडीन टाकनार हाय?"

रुतिका हसली. तिथे आल्यापासून पहिल्यांदा. आणि तिने पट्टा सोडला. तीन किलोची सॅक छातीशी धरून, टाचांच्या बुटांत नंदिनी जी पळाली, तिच्यामागे टाचांचा आवाज बराच वेळ येत राहिला. सॅक वेळेत खाली पोचली की नाही, हे सांगायला ती परत येऊ शकली नाही. आमच्या विमानाची घोषणा झाली होती.

विमानात रुतिकाला खिडकी मिळाली, पण तिने बाहेर बघितलं नाही. ओढणीचं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पट्टा कसा लावायचा ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने स्वतःच लावला. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, नाय आला तर?" मी म्हटलं, "येईल." मला काहीही माहीत नव्हतं.

लखनौला पट्ट्यावर आमची सुटकेस लवकर आली. ती येतेय हे दिसायच्या आधी वासाने कळलं. आजूबाजूचे लोक जरा दूर सरकले, आणि एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते, पण माझं लक्ष पट्ट्याच्या तोंडाकडे होतं. बॅगा येत राहिल्या. लोक उचलून जात राहिले. शेवटी पट्टा रिकामाच फिरत होता. मग तोही थांबला. रुतिकाने केस मानेवरून मागे सारले आणि पुन्हा पुढे घेतले.

तेवढ्यात बाजूच्या दारातून एक हमाल आला. एका हातात सॅक, आणि चेहरा असा, की यात आहे तरी काय. हलकीफुलकी समजून त्याने ती एका हाताने उचलायला बघितली असणार. रुतिका धावत गेली, चेन उघडली, टॉवेलात हात घातला. मी त्या हमालाला एक अख्खी पिशवी सोड्यांची दिली. त्याने वास घेऊन ती नम्रपणे परत केली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर वजनकाट्याचं टेबल होतं.

स्वतःचा गोळा आणणाऱ्या मुली रांगेत होत्या. पंच म्हणजे चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी रुतिकाचा गोळा साच्यातून सरकवला, मापात बसला. काट्यावर ठेवला. चष्मा वर केला, खाली केला. गोळा उचलला, पुन्हा ठेवला.

दोन किलो नऊशे चौऱ्याण्णव.

सहा ग्रॅम कमी. नामंजूर. त्यांनी गोळा बाजूच्या टोपलीत ठेवला आणि स्पर्धा संपल्यावर घेऊन जा म्हणाले.

काटा चुकीचा आहे, मी म्हटलं. दुसरा काटा आणा. एवढ्या लांबून आणलाय, तीन किलो पाच ग्रॅम होता, आमच्यासमोर मोजलाय. विश्वजित सरांनी मला हाताला धरून मागे ओढलं. पंचांनी शांतपणे शेजारी ठेवलेलं प्रमाणित वजन काट्यावर ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. मी रुतिकाकडे बघायलाच घाबरत होते.

रुतिका टोपलीतल्या गोळ्याकडे बघत उभी होती. ओठ हलत होते. तीन हजार पाचातून दोन हजार नऊशे चौऱ्याण्णव गेले. "अकरा," ती म्हणाली. मग तिने वाकून गोळा हातात घेतला, त्याच्यावरून अंगठा फिरवला, आणि बुचाच्या कडेला चिकटलेला नारळाच्या शेंडीचा एक बारीक धागा नखाने ओढून काढला.

"आजी!" ती ओरडली, आणि हसायला लागली. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आत्या, शंभर शनिवार! शंभर शनिवार घासलाय गो तिनं!"

तिने तिथूनच आजीला फोन लावला. स्पीकरवर.

"आजी, गोला अकरा ग्राम कमी भरला."

पलीकडून आईचा आवाज. "कोनी चोरला?"

"तू."

आईला समजायला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "मंग आता कशानं टाकशील, बाय?"

याच प्रश्नासाठी तर आम्ही काल एवढं रामायण केलं होतं.

"त्यांच्या गोल्यानं," रुतिका म्हणाली. "गोला तुजा आन आजोबांचा. हात तं माजाच हाय ना."

तिने केस वर घेऊन घट्ट बांधले. मानेवरचा डाग उघडा पडला, आणि तो तिने पुन्हा झाकला नाही.

पहिला थ्रो आयोजकांच्या गोळ्याने, तेरा मीटर वीस. फाउल नाही. दुसरा तेरा साठ. तिचा आतापर्यंतचा सगळ्यात लांब थ्रो तेरा सत्तर होता, आणि तोही घरच्या प्लॉटवर. चौथ्या वेळी ती वर्तुळात गेली, गोळा मानेला टेकवला, आणि काल विमानतळावर उभी राहिली होती तशीच उभी राहिली. तो गोळा कुठवर जाणार, हे तो पडायच्या आधीच मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा अंदाज बरोबर आला. चौदा मीटर बारा. ती पाचवी आली. पदक नाही. मी इतकी नाचले की सरांना वाटलं मला आकडे समजले नाहीत.

परत येताना सुटकेस जवळजवळ रिकामी होती, कारण संघातल्या पोरींनी बोंबलांचा फडशा पाडला होता. गोळा सुटकेसमध्ये गेला. मी काही बोलायच्या आधीच रुतिकाने तो तिथे ठेवला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

घरी पोचलो तेव्हा आई मोरीपाशी बसली होती. समोर चिंच नव्हती, राख नव्हती. ओशाळली होती बिचारी. रुतिकाने गोळा तिच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं की याचं काम संपलं, पुढच्या वर्षी ती वरच्या गटात जाणार आणि तिथे चार किलोचा गोळा लागतो. हा आता तुझा, म्हणाली. आई उठली, आत गेली आणि डालड्याचा डबा घेऊन बाहेर आली. कानाशी धरून हलवला. आत अजून बरेच मणी वाजले.

"चार किलोच्याला पुरतील?"

"पुरतील," रोहिदास म्हणाला. "पन आये, या खेपेला घासाचा नाय हां."

आईने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने खाली बघितलं.

"घासनार," ती म्हणाली. "मिस्त्रीला सांग, पंधरा ग्राम जास्त भर."